अडीच इंची

दादाचा फोन आला की पहिलं वाक्य पाण्याचं असतं. मग पोरांची शाळा, मग वहिनीचा गुडघा. गेल्या एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी उरकल्यावर त्यानं फोन केला, तो थेट "दहाची मोटर बसवायची म्हणतोय" इथूनच सुरू झाला.

तासगाव तालुक्यात आमचा मळा आहे. विहीर ओढ्याच्या अलीकडं आणि द्राक्षबाग पलीकडच्या माळावर. मधे 900 मीटर पाइप. माळाच्या डोक्यावर सिमेंटचा हौद, तिथून पुढं ठिबक. 2011 साली आप्पांनी ही लाइन टाकली तेव्हा अडीच इंची पीव्हीसी पाइप आणि 5 एचपीची मोनोब्लॉक मोटर. आमच्याकडं कोणी एचपी म्हणत नाही, "पाचची मोटर" म्हणतात. पाणी कमी पडायला लागलं म्हणून 2019 मध्ये साडेसातची आली. आता तीही पुरेना.

"साडेसातच्या वर गेलास तर बिल येईल," मी म्हटलं. 2024 पासून राज्य सरकारनं साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत केली आहे. दहाची घेतली की त्या रेघेच्या पलीकडं.

"ते ठाऊक हाय गं. पण बाग वाळवू का?"

मी पॉलिटेक्निकमध्ये अकरा वर्षं फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते. अकरा वर्षं दर सत्रात फळ्यावर पाइपातला घर्षणाचा ऱ्हास मांडते आणि व्यासाखाली दोनदा रेघ ओढते. 2019 मध्ये दादानं साडेसातची घेतली तेव्हा मी काय केलं होतं? दहा हजार रुपये पाठवले होते. पाइप किती इंची आहे, हे विचारलंही नव्हतं. या फोनवर पहिल्यांदा विचारलं.

"अडीच. का?"

मे महिन्यात सुटी लागल्यावर गेले ती बॅगेत एक प्रेशर गेज घेऊन. बाकी मोजमापाचं साधन मळ्यातच होतं : 200 लिटरचं निळं बॅरल. आप्पांची पद्धत जुनी आहे. हौदावर पाइपाच्या तोंडाखाली बॅरल धरायचं आणि भरेपर्यंत सेकंद मोजायचे. त्यांचे आकडे हौदाच्या भिंतीवर आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलेले आहेत. पाचच्या मोटरवर 43. साडेसातची बसवल्याच्या दिवशी 35.

हे दोन आकडे मी कितीतरी वेळा पाहिले असतील. हौदात पोहायला शिकले नाही म्हणून काठावर बसायचे, तेव्हाचा एक; दुसरा नंतरचा. कधी भागाकार केला नव्हता. 43 सेकंदांत 200 लिटर म्हणजे सेकंदाला साधारण 4.65 लिटर. 35 सेकंदांत म्हणजे 5.7. मोटरची ताकद दीडपट झाली आणि पाणी वाढलं ते सव्वापटसुद्धा नाही.

उरलेली ताकद गेली कुठं? पाइपात.

गेज मी विहिरीच्या कट्ट्यावर, मोटरच्या डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला बसवलं. गेज बसवायला फिटर आला होता. पाणी कमी येण्याचं त्याचं निदान आधीच तयार होतं : "ताई, तुमच्या लाइनीत बेंड लय झाल्यात." बेंड अकरा होते, मीच मोजले. आमच्या पोरांनाही परीक्षेत मेजर लॉस आणि मायनर लॉस असे दोन प्रकार लिहावे लागतात. सरळ पाइपाच्या भिंतीशी पाणी घासून जातं तो मेजर; वळण, व्हॉल्व, तोंड, एकदम रुंद किंवा अरुंद होणं, हे मायनर. दोन मीटरच्या नळाला चार बेंड असतील तर मायनर हाच खरा मेजर ठरतो. पण 900 मीटरच्या लाइनीत? पाचच्या मोटरवर पाण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर. एका बेंडला जेमतेम सात सेंटिमीटर उंचीइतका दाब जातो. अकराही बेंड मिळून पाऊण मीटर. फिटरला हे पटलं नाही. बेंड डोळ्यांना दिसतो, घर्षण दिसत नाही, त्याला मी काय करणार.

एक मायनर मात्र मी कधीच मायनर मानत नाही, तो म्हणजे सक्शनचा फूट व्हॉल्व : विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी बसणारा, पाणी उलटं जाऊ न देणारा, ज्याला अख्खा तालुका फुटबॉल म्हणतो. त्याच्या जाळीत शेवाळ अडकलं की तिथं जाणारा एकेक मीटर महागात पडतो, कारण सक्शनला पाणी वर ढकलते ती फक्त हवा. समुद्रसपाटीला हवेच्या जोरावर पाणी फार तर 10.3 मीटर चढेल. आमच्या उंचीवर त्याहून कमी, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या वर विसंबू नये. तो काढून, घासून बसवला. बॅरल तरीही 35. म्हणजे दुखणं तिथं नव्हतं.

मग गेज वाचायला घेतलं. ही युक्ती इतकी सोपी आहे की मी ती वर्गात कधी सांगितली नव्हती याची लाज वाटते. मोटर बंद करायची. फुटबॉल धरून ठेवतो, पाइप भरलेलाच राहतो, आणि गेज दाखवतं फक्त चढाई : गेजपासून हौदाच्या तोंडापर्यंतची उंची. आमचं आलं 2.1 किलो, म्हणजे 21 मीटर; गेजवरचा एक किलो दाब म्हणजे साधारण दहा मीटर पाणी. मग मोटर चालू करायची. आता गेजमध्ये चढाईही आहे आणि घर्षणही. आलं 5 किलो. दोन्हींतला फरक 2.9 किलो, म्हणजे 29 मीटर. हे 29 मीटर जवळजवळ सगळे पाइपाच्या भिंतीला घासण्यात जात होते.

आप्पा शेजारी उभे होते. त्यांना मी सांगितलं की आपला माळ 21 मीटर उंच आहे, पण आपली मोटर पाण्याला 50 मीटर चढवल्याइतकी राबते. त्यांनी माळाकडं बघितलं.

"मग ही ताकद जाती कुठं? कुठं गळतंय का?"

"गळत नाही. उष्णता होते. पाणी तापतं."

"तापतं?"

मी तिथंच हिशोब केला. 29 मीटर दाब हरवला की पाण्याचं तापमान अंशाच्या सुमारे सात शतांशानं वाढतं. आप्पा हसले. "म्हंजे बागेला जरा कोमट पाणी पाजतोय की आपण!"

त्यानंतर दोन दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हा विनोद सांगत होते.

आता थोडं सूत्राबद्दल, कारण माझे विद्यार्थी हे वाचतात आणि नाहीतर मला टोचून खातील. घर्षणात जाणारा दाब पाइपाच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि व्यासाच्या उलट प्रमाणात जातो. ज्युलियस वाइसबाख या जर्मन प्राध्यापकानं 1845 मध्ये हे या रूपात मांडलं. पण त्यातला घर्षणांक, म्हणजे f, नेमका किती धरायचा, ही खरी मारामारी होती. तिथं आँरी दार्सी येतो. हा फ्रान्समधल्या दिजाँ गावचा इंजिनिअर. 1840 मध्ये त्यानं बारा-तेरा किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी आपल्या गावात आणलं, आणि पुढं पॅरिसला पाइपांवर ढिगानं प्रयोग केले. ते 1857 साली छापले गेले, दुसऱ्या वर्षी तो वारला. शिसं, काच, लोखंड, नवं लोखंड, जुनं गंजकं लोखंड अशा वेगवेगळ्या नळ्यांतून पाणी सोडून त्यानं दाखवलं की नळीची आतली कातडी कशी आहे यावर बरंच अवलंबून असतं. सांगलीतल्या कुठल्याही जुन्या वाड्यातला जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा नळ कापून बघा. आत गंजाच्या गाठी आणि मधे बोटभर भोक. दार्सीचं म्हणणं कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत हाच प्रयोग आहे : तीन व्यासांचे पाइप, पाऱ्याचा मॅनोमीटर, मोजायची टाकी. पोरं पहिल्या बॅचचे आकडे उतरवतात, निष्कर्ष आधीच लिहून आणतात. त्यात आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांनी आणखी एक घोळ घालून ठेवलाय. ती सूत्रात '4f' लिहितात आणि तक्त्यांमध्ये बऱ्याचदा f चौपट केलेलाच असतो. पुस्तकातलं सूत्र आणि तक्त्यातला आकडा एकत्र केला की उत्तर चौपट. दरवर्षी निम्मा वर्ग या खड्ड्यात पडतो. मी स्वतः एम. ई.च्या पहिल्या सत्रात पडले होते.

सूत्रात व्यास दोनदा लपलेला असतो, हे मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. एकदा तो उघड, भागाकारात. आणि दुसऱ्यांदा वेगाच्या आत : पाणी तेवढंच न्यायचं असेल तर पाइप जरा रुंद केला की वेग व्यासाच्या वर्गानं उतरतो, आणि वेगाचा पुन्हा वर्ग. सगळं मिळून व्यासाचा पाचवा घात. व्यास निम्मा केला तर तेवढंच पाणी न्यायला घर्षण 32 पट. आमच्या अडीच इंची पाइपाचं आतलं भोक सुमारे 70 मिलिमीटर, चार इंचीचं 103. दीडपटही नाही. पण पाचवा घात काढला की जवळजवळ सातपट. तेच पाणी चार इंचीतून नेलं तर घर्षण एक सप्तमांश.

रात्री जेवणं झाल्यावर दादासमोर वही ठेवली. विहिरीतलं पाणी मोटरच्या पाच मीटर खाली आणि वर 21, म्हणजे निव्वळ चढाई 26. पंपाची कार्यक्षमता 55 टक्के धरली. साडेसातची मोटर आणि अडीच इंची पाइप यांतून सेकंदाला 5.7 लिटर येतं. तेवढंच पाणी, म्हणजे उन्नीस-बीस, पाचची मोटर आणि तीन इंची पाइपातून आलं असतं. 2019 मध्ये मोटर बदलली नसती, पाइप बदलला असता तर काम तिथंच झालं असतं. आणि पाचच्याच मोटरला चार इंची पाइप लावला तर 6.6 लिटर. बॅरल 30 सेकंदांत.

"पाचच्या मोटरवर? ती कट्ट्यावर पडलीये ती?"

"तीच."

दादा बराच वेळ वहीकडं बघत होता. मग म्हणाला, "तेव्हा का न्हाई सांगितलंस?"

याला उत्तर नव्हतं. वहिनीनं ताटं उचलली.

आप्पांनी 2011 ला अडीच इंची का घेतला, हेही खरं तर मला माहीत आहे. 900 मीटरला वीस फुटी पाइप 150 लागतात. चर खणायची मजुरी तीच, सॉल्युशन तेच, पण प्रत्येक पाइपामागं फरक पडतो आणि तो 150 वेळा पडतो. मोटर एकदाच घ्यायची असते, तिला कर्ज मिळतं, तिच्यावर कंपनीचं नाव असतं, कट्ट्यावर ती दिसते. पाइप मातीत जातो. त्यात वीज आधी स्वस्त होती, आता फुकट आहे, त्यामुळं घर्षणाची झळ बिलात कधी लागतच नाही. ती लागते तासांत. थ्री फेज लाइट मिळते आठ तास. अडीच इंचीतून पाचच्या मोटरवर त्या आठ तासांत एक लाख 34 हजार लिटर पाणी माळावर जायचं, साडेसातच्या मोटरवर एक लाख 64 हजार. चार इंचीतून पाचच्याच मोटरवर एक लाख 90 हजार जाईल. एप्रिल-मेमध्ये बागेच्या काड्या तयार होत असताना हा फरक काय असतो, ते दादाला मी शिकवायची गरज नव्हती.

जुनी लाइन तशीच ठेवून शेजारून दुसरी अडीच इंची टाकावी, म्हणजे पाणी दोन लाइनींत वाटलं जाईल आणि घर्षण चौथाईवर येईल, असाही एक स्वस्त पर्याय मी मांडला होता. पण साडेसातची बसवल्यापासून जुन्या लाइनीचे दोन जोड गळत होते. पाइप सहा किलोचा, त्यात चालू दाब पाच, वर लाइट गेली की पाणी उलटं येऊन धाडकन आदळायचं. दादानं चार इंचीच धरलं.

जेसीबीनं दोन दिवसांत चर मारला. पाइप जोडायला चार दिवस. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचची मोटर परत नटबोल्टनं आवळली. माझी एक धास्ती वेगळीच होती. हेड, म्हणजे चढाई आणि घर्षण मिळून पंपाला पेलायची उंची, कमी झालं की असा पंप जास्त पाणी ढकलायला बघतो आणि मोटर जास्त अँपिअर ओढते. अशी मोटर जळाली की रिवाइंडिंगवाला "व्होल्टेज कमी-जास्त झालं असंल" म्हणतो आणि सगळे मान डोलावतात. पण स्टार्टरवरचा काटा साडेसात अँपिअरच्या आसपास राहिला. ठीक.

सगळे हौदावर. आप्पांचं घड्याळ, माझा मोबाइल, बॅरल. पाणी आलं, फुसफुसत, मग धार जमली.

35 सेकंद.

पुन्हा मोजलं. 35.

एवढा खर्च करून आकडा तोच, जो साडेसातच्या मोटरनं जुन्या पाइपातून दिला होता. दादा काही बोलला नाही. फिटर "बेंड" म्हणाला असता, पण त्यानं माझ्या तोंडाकडं बघून गिळलं असावं. रात्रभर मला झोप नाही. कुठं चुकले? f चुकीचा धरला? '4f' तर नाही?

सकाळी साडेसहाला, लाइट यायच्या आधी, विहिरीवर गेले. मोटर बंद. गेजकडं सहज नजर गेली आणि तिथंच उभी राहिले. काटा 2.7 वर.

पाणी हलत नव्हतं. हलत नाही तिथं घर्षण नसतं. मग चढाई 21 मीटरच हवी, काटा 2.1 वरच हवा. माळ काही रातोरात सहा मीटर उंच झाला नव्हता. म्हणजे माझा घर्षणाचा हिशोब बरोबर होता, घोळ दुसराच कशाचा तरी होता, आणि तो नेमका सहा मीटरचा होता.

आमची लाइन विहिरीवरून निघते, ओढ्याच्या अलीकडच्या उंच बांधावर चढते, तिथून ओढ्यात उतरते आणि पलीकडं माळ चढते. बांधापासून ओढ्याच्या तळापर्यंत उतार वीस फूट. सहा मीटर. त्या उतारभर पाइपात हवा अडकून बसली होती. पाणी बांधावर चढायचं, उतरताना त्या हवेतून पाइपाच्या तळानं नुसतं ओघळायचं, आणि उतरताना परत मिळायला हवा होता तो सहा मीटरचा दाब वाया जायचा. पुढं माळ पुन्हा पहिल्यापासून चढायचा.

जुन्या लाइनीला हे दुखणं कधी का झालं नाही, याचा विचार करत मी बांधावर बसले. तेही त्या अडीच इंचीमुळंच! अरुंद पाइपात पाणी सेकंदाला सव्वा ते दीड मीटर वेगानं धावायचं आणि हवेला ढकलत ओढ्यापार न्यायचं. चार इंचीत वेग पाऊण मीटरवर आला. घर्षण कमी झालं ते त्यामुळंच, आणि हवा बाहेर काढायचा जोरही त्यामुळंच गेला. अडकलेली हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व वर्गात एका ओळीत सांगून मी पुढच्या धड्याला जाते. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या लाइनींवर प्रत्येक उंचवट्याला तो असतो. शेतकऱ्याच्या लाइनीला कोण बसवतो?

फिटरला फोन केला. बांधाच्या डोक्यावर पाइपाला सॅडल, म्हणजे जोडणीचा पट्टा लावून एक इंची एअर व्हॉल्व बसवायला त्याला तासही लागला नाही. मोटर चालू केल्यावर व्हॉल्वमधून जी हवा सुटली तिचा आवाज विहिरीपर्यंत आला. चांगली दहा मिनिटं. आप्पा बांधावर उकिडवे बसून ऐकत होते. मग एकदम टिचकी मारल्यासारखा आवाज झाला, व्हॉल्वमधला चेंडू वर जाऊन बसला, आणि शांत.

काटा 2.65. बंद केल्यावर 2.1. हौदावर दादानं बॅरल धरलं : 30, पुढच्या वेळी 31. खिळा आप्पांनीच घेतला आणि भिंतीवर तिसरा आकडा कोरला. 30 कोरला. एक सेकंद त्यांनी मला दिला.

साडेसातची मोटर आता कट्ट्याशेजारी पोत्यात गुंडाळून ठेवली आहे. मी निघायच्या दिवशी वरच्या वस्तीवरचे काका ती विकत मागायला आले. त्यांचा माळ आमच्याहून लांब, पाणी पुरत नाही, पाचची मोटर आहे. दादा किंमत सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला.

"मोटर न्हे खुशाल," ते म्हणाले. "पर आधी पाइप किती इंची हाय त्ये सांग."